सायकलीच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

समोरच्या ईश्वरप्पांची नवी गाडी मागे घेताना आरती म्हणते. ही गोष्ट मी अत्यंत खेदपूर्वक आणि पूर्ण शुद्धीत नोंदवून ठेवतो आहे. देवाचं नाव घेत उलटं चालण्याची साधना कोणत्या दर्शनात सांगितली आहे, हे पंचवीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवूनही मला सापडलेलं नाही. गाडी सात माणसांची. आत ईश्वरप्पा एकटे. निघाले कुठे? दुधाला. डेअरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पिशवी अर्ध्या लिटरची.

संकल्प: नांदेडच्या ज्या दैनिकाचा मी लातूरचा वार्ताहर आहे, त्यात या चारचाकी अज्ञानावर लेखमाला. दर रविवारी.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला लेख आला. मथळा मी 'तप्त वसुंधरा आणि आसनलोलुप नागरिक' असा दिला होता. संपादकांनी 'गाड्या कमी करा' केला. आपल्या वाचकांची इयत्ता त्यांना ठाऊक.

सारांश: हाकेच्या अंतरावर पायी जा, शहरात सायकल, बाहेरगावी एसटी. उन्हाळा दरवर्षी वाढतो तो आपल्याच सायलेन्सरमधून.

अंक आणायला स्टँडवर गाडीनेच गेलो. विचारवंताने घामाघूम दिसणं बरं नव्हे. शिवाय आमची गाडी अकरा वर्षांची. तिने करायचं ते पाप करून झालेलं आहे.

१२ फेब्रुवारी

ईश्वरप्पांनी फाटकाशी गाठलं. म्हणाले, सर, लई भारी लिवलंय, त्या एकट्याएकट्यानं गाड्या फिरवणाऱ्यांना बरं झोंबलं आसंल. गाडी चालूच होती, एसी वाया जाऊ नये म्हणून काच चार बोटं उघडून बोलत होते. या शहराला आरसा दाखवण्यात अर्थ नाही. ते त्यात भांग पाडतं.

१५ फेब्रुवारी

अनर्थ. लेख घरात वाचला गेला. सृष्टीने, म्हणजे आमच्या अकरावीतल्या कन्येने, तो कापून कपाटाला चिकटवला आहे. सोमवारपासून क्लासला सायकलने जाणार. आजवर रोज सकाळी मीच गाडीने सोडत होतो. साडेचार किलोमीटर. मधे रेणापूर नाका. तिथून वाळूचे टिप्पर जातात.

तिला समजावलं, की रस्ते अजून त्या पात्रतेचे झालेले नाहीत. तिने विचारलं, पप्पा, मग लेख कुणासाठी होता? म्हटलं, समाजासाठी. म्हणाली, मग मी समाजातच येते ना.

आमची अर्धांगिनी सिंधु कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, लिवताना इचारलं व्हतं का मला? आता निस्तरा.

१७ फेब्रुवारी

पहिला दिवस. निव्वळ वार्ताहराच्या भूमिकेतून वीस फूट अंतर ठेवून मागे गेलो. गाडीने. दुसरा गिअर. कडेला सायकलींसाठी पांढरी पट्टी आखलेली आहे. तिच्यावर एक भेळेचा गाडा, दोन जीपा आणि एक निवांत म्हैस. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. संयम नावाची वस्तू या जिल्ह्यात पिकत नाही.

२१ फेब्रुवारी

रोज माझ्या मागे दहा-बारा वाहनं साचतात. आज एक रिक्षावाला शेजारी येऊन विचारता झाला, काका, वरात हाय का? नवरदेव कोन्त्या गाडीत? काच वर केली.

नाक्यावरचा हवालदार त्याहून उद्धट. म्हणाला, सर, तुमी कोंडीवर लिवता ते वाचलं, पर कोंडी रोज सात वाजून धा मिन्टाला तुमच्यापासूनच सुरू व्हायलीय. त्याला सांगितलं, ही पाहणी आहे. तो म्हणाला, पाहणी जरा कडंला घेऊन करा.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेख आला. 'वाहतूक कोंडीचे मूळ: माणसाचा अहंकार'. क्लासबाहेर गाडीत बसून लिहिला होता. ऊन फार, म्हणून एसी चालू ठेवून. लेखनाला स्वस्थता लागते.

२६ फेब्रुवारी

फितुरी. सृष्टीच्या मैत्रिणीने, पुनमने, तिला सांगितलं, की तुझे पप्पा रोज तुझ्या मागं मागं यायलेत. सृष्टीने जेवताना अट घातली: यायचंच असेल तर शेजारून सायकलने या, नाहीतर घरी बसा. मी सायकल शेवटची चालवली ती लग्नाआधी, हे तिला कोणी सांगितलं?

२७ फेब्रुवारी

भाड्याने सायकल आणली. पहिल्या चौकापर्यंत शरीराने साथ दिली. पुढे चहाच्या टपरीवर बसलो आणि बसूनच राहिलो. सृष्टी एकटीच पुढे गेली. सिंधुला फोन केला. तिने ईश्वरप्पांना धाडलं. त्यांनी मागची सीट पाडून सायकल आत घातली, मला पुढे बसवलं. वाटेत म्हणाले, सर, तुमी लिवायचं काम करा, चालवायचं आमच्यावर सोडा. सात माणसांच्या गाडीचा हा एकच सदुपयोग मी पाहिला.

३ मार्च

दोन दिवस घरी बसलो. सात ते आठ या वेळात तीन कप चहा. ती पोचल्याचा मेसेज करत नाही. तिचं म्हणणं, मी काय युद्धावर गेले का? आज पुन्हा गाडी काढली. अंतर कमी केलं आहे. मधे कोणी घुसता कामा नये. दहा फूट. पोरीला कळणार नाही.

६ मार्च, दुपारी

सकाळी नाक्याच्या अलीकडे एक पिकअपवाला डावीकडून घुसू लागला. त्याला माझा अभिप्राय कळावा म्हणून मी काच खाली केली. तेवढ्यात कोणीतरी पार्क केलेल्या जीपचं दार उघडलं. सृष्टीने ब्रेक दाबला. मी दाबला नाही.

मागचं चाक वाकलं. ती पडली. कोपर आणि गुडघा सोलवटला, तळहातात खडी रुतली. गर्दी जमली. एकाने माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली. दुसरा म्हणाला, म्हाताऱ्या, दिसंना का, पोरगी मेली आसती की. तेव्हा ती रस्त्यावर बसल्या बसल्या म्हणाली, सोडा त्यांना, माझे पप्पा आहेत. लोकांनी किल्ली परत दिली. त्यांनी शिव्याच द्यायला हव्या होत्या.

तीन आठवड्यांत त्या रस्त्यावर तिला धक्का लावणारा मी एकटा.

डॉक्टरांनी मलमपट्टी केली. सृष्टी चिडलेली नाही; उद्या पुनमच्या घरची जादा सायकल घेऊन जाणार आहे. मागं येऊ नका, एवढंच म्हणाली.

रविवारचा लेख लिहायला घेतला, होईना. पृथ्वी तापते आहे हे मी पाठ करून लिहीत होतो. त्याची भीती मला कधी नीट वाटलीच नाही. भीती वाटते ती या साडेचार किलोमीटरची. उद्या सात वाजता ती निघेल, मी घरी असेन, आणि त्या रस्त्यावर माझ्यासारखीच माणसं गाडी चालवत असतील.