केशरी विमान आणि रंगीत जबडे

तीर्थरूप मामांस,

भाचीचा आणि तुमच्या जावईबापूंचा वाकून नमस्कार. खोकला आता कमी असेल, मामी वेळच्या वेळी औषध देत असतील आणि तुम्ही ते कुंडीत ओतत नसाल, अशी आशा करते. आम्ही इकडे मजेत आहोत. घरभर रंगाचा वास आहे, तेवढं सोडलं तर अगदी मजेत.

तुम्ही अर्धवट बांधून पाठवलेलं इंजिनाचं छोटं विमान मी पुरं केलं. दवाखाना बंद झाला की दात कोरायच्या हत्यारांनीच पंख तासत बसायची (जुनी हत्यारं होती, मामींना सांगा). रंगाचं खातं मात्र ह्यांनी परस्पर ताब्यात घेतलं. घरात चित्रकलेचा मास्तर असताना दातांच्या डॉक्टरणीने ब्रश धरायचा म्हणजे काय! 'रंग इंधनाला टिकणारा हवा' हे तुमचं वाक्य मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पण केशरी नेमका कुठला?" आणि साधा ऑइलपेंट आणून विमान असं काही रंगवलं, की शेजारीण ते दिवाणखान्यात टांगायला मागू लागली.

मैदानावर इंजिन सुरू केलं मात्र, इंधन सांडलं, धुरातून तेलाचे शिंतोडे आले आणि नाकापासून सुरकुत्या पडत तो केशरी रंग ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. विमानाचा आणि ह्यांच्या चेहऱ्याचा रंग एकदमच उडाला. घरी येईपर्यंत अवाक्षर नाही. (लग्नानंतर इतकी शांतता प्रथमच. मनातल्या मनात मी तुमचे आभार मानले.)

मग मी सूत्रं हाती घेतली. दवाखान्यात पेशंटच्या दातांचे प्लॅस्टरचे जुने साचे पडून होते. एका जबड्याला व्हार्निश, एकाला गाडीचा रंग, एकाला माझं नेलपॉलिश, असं करत खिडकीत सगळे वाळत ठेवले आणि प्रत्येकावर इंधन टाकलं. नेलपॉलिश तर बघता बघता विरघळलं. टिकला तो एकच केशरी, दोन डब्यांतला, रंग घट्ट करणारा हार्डनर मिसळून लावायचा. तेवढ्यात कवळीचं माप द्यायला आलेले एक आजोबा खिडकीकडे टक लावून म्हणाले, "डॉक्टर, यातला केशरी मला बसेल का हो?" त्यांची समजूत काढता काढता मला घाम फुटला. (जाताना ते जरा हिरमुसलेच.)

मिसळायचं काम माझं, कारण दातांचं सिमेंट मी रोजच कालवते. पण मी पेशंटमध्ये अडकलेली बघून ह्यांनी अंदाजाने हार्डनर ओतला. त्यांचा लाडका ब्रश डब्यात उभाच्या उभा घट्ट झाला. आता डबा उचलायला मूठ म्हणून उपयोगी पडतो. नवा डबा आणून मी कालवला. पोळलेल्या माणसाला धीर कुठला? ह्यांनी रंगाचे हातावर हात चढवले. मैदानावर इंजिन गरजलं, इंधन सांडलं, मी फडक्याने पुसलं, आणि मामा, रंग कणभरही उडाला नाही. विमानही नाही. रंगाच्या वजनाने नांगर ओढल्यासारखं ते मैदानभर फिरलं आणि दमून थांबलं.

दोघांनी मिळून सगळा रंग पॉलिशपेपरने घासून काढला. ह्यांनी एक पंख घेतला, मी दुसरा. किती दिवसांनी आम्ही असे एका टेबलाशी बसलो! शेवटी एकच पातळ हात दिला. ह्यांनी श्वास रोखून दिला, मी श्वास रोखून पाहिला. आणि काल आपलं विमान आकाशात झेपावलं! ह्यांनी आनंदाने ओरडून मैदानावरच्या सगळ्या माणसांना वळायला लावलं.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. 'आकाशात झेपावलं' हे शब्द ह्यांनी शेजारी बसून घालायला लावले. ते कुंपणावरून गेलं आणि पलीकडच्या गवतात पोटावर उतरलं. पण कुंपण उंच आहे.

आणखी एक. खरं तर पत्र लिहायला घेतलं ते यासाठीच. इंधन कमी-जास्त करायची इंजिनाची सुई आम्हाला अजून साधत नाही, ते मध्येच गचके खातं. हात थरथरतात म्हणून तुम्ही हल्ली इंजिनाला हात लावत नाही, असं मामींनी कळवलं. तुम्ही या, मामा. खुर्चीत बसून नुसते ओरडा, सुई मी फिरवते. आणि हातांचं म्हणाल, तर इंजिन सुरू झालं की आमचे दोघांचे इतके थरथरतात, की त्यात तुमचे कुणाच्या लक्षातही यायचे नाहीत.