वरवंट्याचं बारसं

दहिवली, १९ फेब्रुवारी १९७८

प्रिय रामभाऊ यांस,

(दर पत्रात 'चि.' लिहितो, पण लघुग्रह शोधणाऱ्या मेव्हण्याला 'चि.' म्हणावं का, याचा निर्णय होईना.) उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. प्रकृती बरी ना? वेधशाळेच्या थंडीत कानटोपी घालता का, असं चंद्रभागेने, तुमच्या बहिणीने, विचारलं आहे.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये असंख्य दगड फिरत असताना, फोटोच्या दोन काचांवर एकच ठिपका सरकलेला तुम्हाला दिसावा, आणि इतकी वर्षं पाळत ठेवून तुम्ही त्याची वाट पक्की करावी! मी खालापूरच्या कचेरीत रोज त्याच सह्या पाहतो. एखादी सरकली तरी मला कळायचं नाही.

पुढची चूक माझीच. त्याला क्रमांक मिळाला, आता नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा, हे मी चंद्रभागेला जसंच्या तसं वाचून दाखवलं. "बापानं कदी नाव ठेवलंय? आत्या मेली का?" मी समजावलं की तो दगड आहे, कोळशासारखा काळा, सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला साडेपाच वर्षं लागतात. "काळा तर रामभाऊ बी हाय." उजेड कमीजास्त होतो, म्हणजे लांबट असावा, हेही सांगून बसलो (इथे गप्प राहायला हवं होतं). "मंग वरवंटा चालंल."

बारशात वरवंटा बाळाभोवती फिरवतात. इथे तोच बाळ झाला. कुंची घालून पाळण्यात निजवला. शेजारची जना म्हणाली, "रडत नाय गं, गुणी हाय!" आत्याने कानात नाव सांगायचं, तर कान कुठल्या टोकाला यावर बायकांत वाद झाला. घुगऱ्या वाटल्या. मी पदवीधर माणूस, हे शास्त्राला धरून नाही असं म्हणणार होतो. पण पाळण्याची दोरी माझ्याच हातात होती, आणि खरं सांगतो, सोडवेना.

आपला दाजी,
श्रीपत

ता. क. वेधशाळेच्या साहेबांचं नाव सुचवणार असं तुम्ही लिहिलंत. त्यांनी दुर्बीण दिली, तेव्हा ते योग्यच. मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आहे.

पुन्हा ता. क. कानात सांगितलेलं नाव चंद्रभागेने आत्ता मला सांगितलं: ठकूबाई. सासूबाईंनी कर्जतच्या लाइनवर खडी फोडून तुम्हाला शिकवलं, ते मी काय सांगावं? तिचेच शब्द लिहितो: "आयनं जलमभर दगूड फोडलं रं. येक तरी आख्खा तिच्या नावावर ऱ्हाऊ दे." माझा विचार आता एकाच बाजूचा झाला आहे. कागद धाडला नसेल तर थांबा.

तुमचं उत्तर येईतो बाळ पाळण्यातून निघणार नाही म्हणे. उद्याचं काम: चटणीपुरता जनाचा वरवंटा मागून आणणे.