मिचिरुच्या बाहुल्या

प्रिय कोहेइ,

साकातात बर्फ वितळला. तुझी आई बरी आहे. अजून वाटीभर पेज करते, मिचिरुच्या ओठांना लावायची तशी. पोरीला सगळं नळीनेच जायचं, तरी आईचा तो एक चमचा चुकला नाही. आता ती पेज मी पितो.

बाहुल्या अजून मांडलेल्याच आहेत. मार्चमधला मुलींचा सण झाला की त्या लगेच पेटीत जायला हव्यात, नाहीतर मुलीचं लग्न लांबतं, असं इथे घरोघरी म्हणतात. ज्या वर्षी तुझ्या बहिणीच्या हातून जेवणाच्या काड्या पडू लागल्या, चालता चालता तिची मान झुकू लागली, त्या वर्षीपासून आपण त्या कधी आवरल्याच नाहीत. पुढे तिचं बोलणं गेलं. ती कुणाला ओळखत नाही असं डॉक्टर म्हणाले, पण बाहुल्या मांडलेल्या लाल पायऱ्यांकडे तिची नजर वळायची. शेजारच्या हात्सुए काकू दारातूनच ओरडायच्या, "अगं फुमिए, उन्हाळा आला की! पोरीला बिनलग्नाची ठेवतेस का?" आई म्हणायची, "ठेवते. तुमच्यासारखी सासू मिळण्यापेक्षा बरं!" मग काकू आत येऊन मिचिरुचे पाय चोळून द्यायच्या. राजा-राणीच्या बाहुल्यांवरची धूळ तू झटकायचास, कारण वरच्या पायरीपर्यंत तुझाच हात पोचायचा. तू कुशिरोला गेल्यापासून मी स्टुलावर चढतो.

जानेवारीत मिचिरुच्या अंत्यविधीला तू एकटाच आलास. बाळाला सर्दी आहे म्हणालास. काड्यांनी अस्थी उचलताना आत्या कुणाला तरी सांगत होती, "थोरल्याने शाळेतून गोवर आणला, त्याचंच हे." तेव्हा तू हातातल्या काड्या खाली ठेवून मागे सरलास. ते तू लहानपणापासून ऐकत आला असशील, हे मला तेव्हा कळलं.

तो गोवर मला आठवतो. तू सहा वर्षांचा, ती आठ महिन्यांची. गावभर साथ होती. तू आईची नजर चुकवून तिच्याशेजारी झोपायचास, आपल्या पोटावरचे लाल ठिपके तिला दाखवायचास आणि ती खिदळायची. दोघं बरी झालात म्हणून आईने लाल घेवड्याचा भात करून शेजारी वाटला. तो आजार तिच्या मेंदूत गुपचूप मागे राहिलाय, हे डॉक्टरांनासुद्धा तेव्हा कळलं नसतं. फार क्वचित होतं असं. आपल्या घरी झालं.

परवा सूनबाईचा फोन आला. रडत होती. म्हणाली, हे कामावरून येतात, हात धुतात आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात, मुलीला उचलतच नाहीत. बाळ आता आठ महिन्यांचं आहे, नाही का? म्हणून लिहितोय. फोनवर मला जमलं नसतं. तू आजारी पडलेला लहान मुलगा होतास, कोहेइ. याहून जास्त काही नाही. आई म्हणते, हे तिच्याकडूनही लिही. बाळाला वर्ष झालं की गोवराची लस दे, टाळू नकोस. पण उचलायला तोवर थांबू नकोस, आज घरी गेल्यावरच उचल. लस झाली की तिला इकडे घेऊन ये. तोवर बाहुल्या हलवत नाही. काकू ओरडल्या तर ओरडू देत. वरच्या पायरीवर धूळ साचली आहे, आणि स्टुलावर चढायला आई मला आता देत नाही.

तुझाच,
बाबा