गौतमीच्या मुलाखतीत म्हटलेली कविता

ती. अक्कास,
हिल्सबरोहून यादवचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? इथं थंडी आहे, पण मी मजेत.

आपली गौतमी विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या लेक्चररपदाच्या मुलाखतीला गेली. इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रीतीनं सोबत घरची माणसं चालतात, आणि उमेदवाराचं बोलणं झालं की त्यांनी गाणं म्हणायचं असतं. "बाबा, फिजिक्स माझं, गाणं तुमचं," म्हणाली.

मी आपली चौथीतली कविता म्हटली. दुसऱ्या कडव्याला अडलो, तर तीच उठून पुढं म्हणू लागली. तिच्या लहानपणी तिची वेणी घालताना मी म्हणायचो, तेवढंच तिनं ऐकलेलं.

निकाल शुक्रवारी आहे. नोकरी लागली तर पोरगी कायमची इथलीच होईल, अक्का. तरी लागावीच, असं वाटतं.

तुझा धाकटा,
यादव