जवळ्याची शिकार, मुक्काम मारुंजी

२ नोव्हेंबर, रविवार
ताम्हिणीमार्गे दिवेआगर. एका मावशीने जिवंत जवळा बादलीभर समुद्राच्या पाण्यासकट दिला, वर 'कांदा घालून परता' म्हणाली. किळस आली. मी लातूरचा, शाकाहारी. पण इलाज नाही. १६ला मृण्मयी वडिलांबरोबर मला बघायला येतेय. ती समुद्रजीवशास्त्र शिकवते. फोनवर माझ्या तोंडून गेलं, की जवळा पाण्यातले तरंगते बारीक जीव कसे पकडतो याचं मी वर्षभर घरी निरीक्षण करतोय. ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, मग दाखवाच. चौदा दिवस. भरपूर झाले.

३ नोव्हेंबर, सकाळी ७
वाचलं: जवळा पाय हलवून पाणी स्वतःकडे ओढतो, मिशांना भक्ष्याची थरथर लागते, मग पुढच्या पायांची टोपली करून झडप. भक्ष्य म्हणून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची अंडी ऑनलाइन मागवली. जवळा टबाच्या तळाशी निवांत. पांढरा पडलाय. रंग बदलून दबा धरतोय. हुशार.

५ नोव्हेंबर
असह्य वास. घरमालकीण चंद्राबाई दारातूनच म्हणाल्या, "साहेब, उंदीर मेलाय का बघा. लई घाण येतुया." या लोकांना विज्ञान सहन होत नाही. मलाही झालं नाही, दोनदा ओकलो. टब टँकरच्या पाण्याने भरला, चमचाभर मीठ टाकलं, अंडी सोडली. पाणी बदलताना निवांत जवळा बराच वाहून गेला. उरलेला लपला असावा.

८ नोव्हेंबर, शनिवार
गावात आज कोरडा दिवस. साठवलेलं पाणी ओतायचं. आशा सेविका सुलक्षणाताई टॉर्च घेऊन घरोघर भांडी तपासतात. दडपशाही. टब पलंगाखाली सरकवला. साठवलेलं पाणी नाही म्हणून सांगितलं. नाहीच, तो समुद्र आहे.

११ नोव्हेंबर
जवळा परतला. शेकड्याने. अंगाने आकसलाय (टँकरचं पाणी), पण काय चपळ! डोकं खाली, शेपटी वर, पृष्ठभागाला लटकून दबा. टब हलवला की वळवळत तळाशी. आर्टेमिया एकही दिसत नाही. शिकार फत्ते. नोंदी चौदा पानं.

१४ नोव्हेंबर
काहींची डोकी मोठी झालीत. बुद्धी. खोलीत डास फार. मारुंजीची गटारं बघवत नाहीत, शी. पंचायतीकडे सडकून तक्रार केली.

१६ नोव्हेंबर, रविवार
मृण्मयी आणि तिचे वडील बंडोपंत अकराला आले. टब टेबलावर. शिकारीवर वीस मिनिटं बोललो. तेवढ्यात तक्रारीची चौकशी करायला सुलक्षणाताई हजर. दोघी टबावर वाकल्या.
"ऋषिकेश, ह्या डासांच्या अळ्या आहेत," मृण्मयी म्हणाली.
"अन् कोष बी झाल्यात," ताई.
बंडोपंतांनी मान खाजवली, मग हात. चहा तसाच राहिला. चंद्राबाईंनी टब अंगणात ओतला. मृण्मयीने मात्र उभ्याउभ्या माझी वही वाचली. म्हणाली, "नोंदी बरोबर आहेत. फक्त प्राणी चुकलाय."

१७ नोव्हेंबर
'नोंदी बरोबर आहेत.' म्हणजे होकारच. ब्लेझर इस्त्रीला टाकला.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
आईचा फोन. तिकडून नकार. आई कारण विचारत राहिली, मला सांगवेना. समुद्रातलं मला काही कळत नाही, एवढं फोनवर म्हणालो असतो तर कदाचित मृण्मयीनेच शिकवलं असतं. स्वतःची किळस आली. कानाशी डास गुणगुणला. हात उचलला, पण मारवेना. मीच वाढवलाय.