गजेंद्रने तपासलेल्या बाटल्या

मी, गुरुप्रसाद अनंतराव आहेर, मूळ नाशिकचा, सध्या बिन महमूद, दोहा येथे राहणारा पायपिंग इंजिनिअर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, लिव्हरने हात टेकलेत. वर्ल्ड कपची पहिली मॅच मला बघायला मिळणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

१. बँकेतली शिल्लक व दागिने पत्नी नयना हिला. का देतोय, हे मलाही नीट कळत नाही.

२. घरी बिअर करण्याचं माझं सामान मुलगा अनय याला. इथे हा गुन्हा आहे, तेव्हा आधी बादल्या फोडून टाक. पुढे परदेशात कुठे केलीस तर एवढं लक्षात ठेव: बाटल्या एसीच्या खोलीत ठेवल्या तर यीस्ट झोपतं आणि गॅस धरत नाही. उबेला ठेव. तरीही धरला नाही तर बाटली पाण्यात बुडव आणि झाकणातून बुडबुडे येतात का बघ. साखरेला हात सगळ्यात शेवटी. तू एकच घोट घेऊन म्हणालास, "बाबा, इट्स फ्लॅट." तोंडावर खरं बोलणारा घरात तू एकटाच.

३. मेहुणा गजेंद्र. याला व्हिसा काढून मीच इथे आणला. आमच्याच कंपनीत इन्स्पेक्टर आहे. पाइपच्या प्रेशर गेजकडे न बघता "तपासले, ओके" लिहितो आणि सही ठोकतो. माझ्या बिअरला तो चारचौघांत "जवाची पेज" म्हणायचा. झाकणांच्या रबरी रिंगा त्याला तपासायला दिल्या, तर चहा संपायच्या आत परत आणून म्हणाला, "दाजी, रिंगा ओके. साखर दुप्पट टाका." मी मूर्खासारखी टाकली. बहुतेक रिंगा चिरलेल्या निघाल्या, एक धड होती. त्या एका बाटलीत दुप्पट साखरेचा गॅस कोंडला, ती तोंडासमोर फुटली आणि माझा उजवा डोळा गेला. दवाखान्यात लोणच्याची बरणी फुटली म्हणून सांगावं लागलं. पुढच्याच शुक्रवारी हा शहाणा पाहुण्यांसमोर एक डोळा मिटून माझी नक्कल करत होता. नयना पोट धरून हसली.

४. नाशिकचा फ्लॅट, जिथे गजेंद्रची बायको-मुलं बिनभाड्याने राहतात, तो गजेंद्रलाच देतो. अट एकच. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्याची सही नसावी. असल्यास फ्लॅट अनयचा. त्याने तो महिन्याभरात रिकामा करून घेऊन विकावा. नयना भावासाठी रदबदली करायला गेली, तर तिचा वाटाही खलास.

मी कुणाला फसवत नाही. अक्षर मोठं काढलंय, कागद गजेंद्रच्या पुढ्यात ठेवलाय. तो मोबाइलवर जुनी मॅच बघतोय. शेजारचे इनायतभाई वरचं सगळं वाचून त्याला म्हणाले, "गजेंद्रभाऊ, एकदा वाचा तरी."

"तुम्ही वाचलंत ना? मग झालं. दाजी, सही कुठे करू तेवढं दाखवा. यल्ला, आटपा."

दाखवतो.

ठिकाण: बिन महमूद, दोहा
दिनांक: १० जून २०२२

लिहून देणार: गुरुप्रसाद अनंतराव आहेर

साक्षीदार:
१. इनायत काझी. पूर्ण वाचून सही केली.
२. गजेंद्र बोरस्ते. तपासले, ओके.