डीबीची जागा

उमेळे, बुधवार

ती. सावित्रीताईस दिनानाथचा दोन्ही हात जोडून (आणि जरा लांबूनच) नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आमच्याकडे सगळं ठीक, फक्त प्लास्टरच्या धुळीने चहालाही सिमेंटची चव आली आहे. गोखिवरे ते उमेळे अंतर ते केवढं, पत्र कसलं लिहितोस, असं म्हणशील. पण फोनवर तुझा आवाज चढला की माझी बोबडी वळते, हे तू जाणतेसच.

तर झालं असं, की जुना फ्यूजबोर्ड आशालताच्या मिक्सरसकट जळला. (अर्धं राहिलेलं वाटण तिने पाट्यावर वाटलं, आणि मला ऐकवत ऐकवत वाटलं.) लुईस वायरमन म्हणाला, वायरिंग बदला, डीबी बसवा. डीबी म्हणजे घरभरच्या वायरी जिथे येऊन जमतात तो दाराचा पत्र्याचा डबा; आत खोलीखोलीचे स्विच. त्याच्या मते आठ स्विचचा पुरे. आशालता म्हणे बाराचा, कारण शेजारच्या ॲनीकडे दहाचा आहे. आणि कौस्तुभ, तुझा लाडका भाचा, म्हणाला सोळाचा. उद्या खोलीखोलीत एसी येतील, दारात विजेची गाडी येईल. (सध्या त्याची स्कूटरसुद्धा ढकलून सुरू होते.) घरचा कर्ता म्हणून शेवटचा शब्द माझाच. मी "बरं" म्हणालो. सोळाचा आणला.

आणल्यावर लक्षात आलं, की भिंत कोणी मापलीच नव्हती! देवघराच्या भिंतीला आशालता हात लावू देईना, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल. उरली बाहेरच्या खोलीतली, बाबांच्या फोटोची. तो तू स्वतः टांगलेला. मागे आशालताने कॅलेंडरसाठी वीतभर सरकवला, तर तू न जेवता निघून गेलीस आणि दिवाळीपर्यंत बोलली नाहीस. लुईसही हटून बसला, "बाबांना हलवून ड्रिल नाय मारनार मी. ताई मला जिता ठेवील काय?"

रविवारी बाबांचं श्राद्ध. तू आली नाहीस तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, हे खरंच सांगतो. तेव्हा काय करायचं ते तूच ठरव. तोवर भिंतीला कोणी बोटही लावणार नाही. पत्रासोबत आपल्याच राजेळी केळ्यांची वाळवलेली सुकेळी कौस्तुभच्या हाती पाठवतोय.

तुझा धाकटा,
दिनानाथ

ता. क. वरचा मजकूर जरा जुना झाला. डीबी बसला. रागावू नकोस, बाबा सूतभरही हललेले नाहीत. फक्त आता भिंतीवर नसून डीबीच्या दारावर आहेत. फ्रेम दाराला अगदी मापात बसली. लुईसने आधी उदबत्ती लावली, मग छातीवर क्रूस काढला, मग स्क्रू पिळले.

ता. क. दुसरा. काल गिझर, इस्त्री आणि ओव्हन एकदम लागले आणि खटकन सगळं बंद. बाबा कसे "कोण बसलंय इथे?" म्हणत दिवे मालवत फिरायचे, आठवतं? कौस्तुभ म्हणाला, "आजोबांनी बंद केलं." आशालता हसत सुटली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. माझंही तेच झालं गं.

ता. क. तिसरा. रविवारची वाट बघू नकोस, हे वाचल्याबरोबर रिक्षात बस. मेन स्विच वर करायचा तर बाबांना उघडावं लागतं, आणि तुझ्याशिवाय कोणाची छाती नाही. कालपासून घरात वीज नाही. फ्रिजमधली कोळंबी फार तर संध्याकाळपर्यंत थांबेल.